‘गेमच्या एवढ्या प्रती विकल्या’ या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवावा?

आकडा सहसा खोटा नसतो, पण तो कशाचा आहे हेच बातमीत हरवतं. कंपनीच्या निवेदनातलं क्रियापद आधी वाचा. ‘शिप्ड’ म्हणजे दुकानदारांकडे पाठवलेल्या प्रती, ग्राहकांनी विकत घेतलेल्या नव्हेत. त्या महिनोन्‌महिने कपाटात पडून राहू शकतात.

‘खेळाडू’ हा शब्द तर आणखी फसवा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘स्टारफील्ड’ने १ कोटी खेळाडूंचा टप्पा गाठला, पण तो गेम पहिल्या दिवसापासून ‘गेम पास’ या मायक्रोसॉफ्टच्या वर्गणी भरून अनेक गेम खेळता येणाऱ्या सेवेवरही होता. म्हणजे त्यातल्या अनेकांनी तो वेगळा विकत घेतलेलाच नव्हता. तरीही अशा आकड्याला सर्रास ‘विक्री’ म्हटलं जातं आणि मला हे खरंच खटकतं, कारण कंपनीने तसं म्हटलेलंच नसतं.

उलटी चूकही होते. ब्रिटनमधल्या साप्ताहिक यादीत फक्त डिस्क आणि कार्ट्रिज मोजतात. लोक डाउनलोडकडे वळले की ती संख्या घसरणारच. त्यावरून ‘नवा भाग आपटला’ असा मथळा देणं चूक आहे.

आणि मोठा आकडा म्हणजे यश, असंही नाही. २०१३ मध्ये ‘टूम रेडर’च्या चार आठवड्यांत ३४ लाख प्रती खपल्या, तरी त्याची प्रकाशक कंपनी स्क्वेअर एनिक्सच्या अपेक्षेपेक्षा त्या कमीच होत्या. खर्च आणि सवलतीतली किंमत कळल्याशिवाय नफ्यातोट्याचा अंदाज बांधू नका.