ताई, आधी मेडिक्लेम बघा, पर्सनल लोन नकोच

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. नाशिक, वय ३८, वजन ११२ किलो, उंची १५७ सेंमी, शुगर हाताबाहेर, स्लीव्ह ऑपरेशनचं (जठराचा मोठा भाग काढून वजन उतरवायचं) एस्टिमेट साडेचार लाख. मुलीच्या शिक्षणाची ६ लाखांची एफडी मोडवत नाही म्हणून लोन घेऊ का, की मिस्टर म्हणतात तशी वजन उतरवायची महिना १४ हजारांची इंजेक्शनं घेऊ, असं विचारलंय.

लोन नको. १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १५,४०० आणि नुसतं व्याजच लाखाच्या वर. त्यापेक्षा ऑफिसची ग्रुप पॉलिसी काढून बघा. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५ च्या वर जातो, आणि ४० च्या वर असेल, डाएट-औषधांनी जमलं नाही हे डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर नुसतं लठ्ठपणाचं ऑपरेशन म्हणून क्लेम उडवता येत नाही. वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर क्लेमसाठी थांबायचा काळ) किती, या ऑपरेशनला वेगळी लिमिट आहे का, हे एचआरला लेखी विचारा.

इंजेक्शनं ३ वर्षं घेतली तर ५ लाखांच्या वर जातात, आणि बंद केली की भूक परत येते, वजनही बऱ्यापैकी येतं. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात तिथेच घ्रेलिन, म्हणजे भुकेचं हार्मोन, मुख्यतः बनतं, त्यामुळे ते घटतं, आणि अन्न आतड्यात लवकर पोचून जीएलपी-१, म्हणजे शुगर आटोक्यात ठेवणारं हार्मोन, वाढतं, म्हणून तर कितीतरी जणांची शुगर वजन उतरायच्या आधीच खाली येते. मला तुमच्यासाठी ऑपरेशनच पटतं.

पण वजन साधारण १२ ते १८ महिन्यांत सगळ्यात कमी होतं आणि मग थोडं परत चढतं, खरा खर्च तिथे असतो आणि एस्टिमेटमध्ये तो नसतो. माझ्या बहिणीचं झालंय. सुरुवातीला वाटीभर वरण संपवायला तिला अर्धा तास लागायचा, चौथ्या महिन्यात कंगवाभर केस गळाले तेव्हा खूप रडली. बी-१२, आयर्न, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी कायमचं, शिवाय ब्लड टेस्ट आणि डाएटिशियन. यासाठी आत्तापासूनच महिना ३ हजारांची आरडी लावा.

क्लेममध्ये कमी पडेल तेवढ्यापुरतीच एफडी मोडा, बँक थोडी मोडू देते का विचारा. कॅशलेसचं मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय तारीख पक्की करू नका, आणि शुगर लपवून नवी पॉलिसी घ्या असं कुणी कितीही सांगितलं तरी घेऊ नका.