लहान ग्रामीण गावाला पर्यावरणपूरक सरकारी इमारती परवडतात का?

परवडतात, पण ठराव आधी हवा, नकाशा नंतर. अमेरिकेत कॅन्सस राज्यातलं ग्रीन्सबर्ग बघा. वादळाआधी वस्ती जेमतेम दीड हजार. ४ मे २००७ च्या रात्री टोर्नेडोने (जमिनीवर फिरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाने) जवळजवळ सगळं गाव भुईसपाट केलं. त्याच वर्षी नगरपरिषदेने ठराव केला: ४,००० चौरस फुटांपेक्षा मोठी प्रत्येक पालिका इमारत ‘लीड प्लॅटिनम’ (पर्यावरणपूरक इमारतींच्या अमेरिकन मानांकनातला सर्वोच्च) दर्जाचीच होईल. म्हणजे प्रत्येक इमारतीच्या वेळी नव्याने घासाघीस नाही.

तिथल्या कलाकेंद्राचं नावच ५.४.७, म्हणजे वादळाची तारीख (महिना आधी, अमेरिकन पद्धत). ते कॅन्सस विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी उभं केलं. नगरपालिकेच्या इमारतीत जुन्या विटा आणि लाकूड पुन्हा वापरलं. गावाबाहेर दहा पवनचक्क्या, मिळून १२.५ मेगावॉट.

मात्र गाव पूर्वीसारखं भरलं नाही. २०२० च्या जनगणनेत ७४० माणसं! त्यामुळे माझं मत असं की आकार बेताचाच ठेवा. रिकाम्या सभागृहाचा एसी कितीही कार्यक्षम असला तरी बिल येतंच. आधी खिडक्यांची दिशा, भिंती-छताचं उष्णतारोधन. सोलर पॅनल सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, पत्र्याच्या तापल्या छतावर पॅनल आणि खाली भरदुपारी ट्यूबलाइट.