नाताळच्या धावपळीत छोट्या मूर्ती रंगवायला वेळ कसा काढावा?

नक्की जमतं. आमचं घर बेळगावच्या कॅम्पात. डिसेंबरात नेवऱ्या-कलकलसारखा नाताळचा फराळ, पाहुणे सगळं एकदमच अंगावर येतं. तरी येशूजन्माच्या देखाव्यातल्या, म्हणजे गव्हाणीतल्या मूर्ती मी रोज रात्री २० मिनिटं रंगवते. खरी अडचण वेळेची नसते, मांडामांडीची असते. झाकणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा बटर पेपर ठेवा आणि ॲक्रिलिक रंग त्यावर काढा. कुणी हाक मारली की झाकण लावून उठायचं; दुसऱ्या दिवशीही रंग ओलाच मिळतो. काल मेंढपाळाच्या घोंगडीवर पातळ तपकिरी रंग सोडला, तो घड्यांमध्ये आपोआप उतरत गेला आणि दिवसभराचा शीण गेला बघा. डोळे मात्र थकल्या हाताने रंगवू नका. आणि बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तिन्ही राजांची घाई कशाला, त्यांचा सण ६ जानेवारीला असतो.