कारचे काढलेले टायर ट्रेलरला चढवले तर चालतील का?

तुमचा प्रश्न असा: ट्रेलरचे टायर आठ वर्षांचे, पण नक्षी अजून नव्यासारखी. घरात कारचे काढून ठेवलेले दोन टायर पडून आहेत आणि रिमचं माप जुळतंय. एकाच एक्सलचा ट्रेलर, सामानासकट वजन १२०० किलो. मग कारचे टायर चढवावेत का, आणि कायद्याने चालतं का?

चढवू नका. आणि आत्ता लावलेले आहेत त्यांच्यावरही लांब पल्ल्याला निघू नका.

टायर रिमवर बसला म्हणजे तो ओझं पेलेल असं नसतं. टायरच्या बाजूवर २०५/६५ आर १६ ९५ एच असं काहीतरी छापलेलं असतं. आपण सगळे पहिले तीन आकडे वाचतो आणि थांबतो. तुमच्या कामाचा आकडा त्यांच्या नंतरचा आहे. ९५ हा भारांक, म्हणजे पूर्ण हवेवर एका टायरला ६९० किलो. ९१ असेल तर ६१५ किलो. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, टी म्हणजे १९०. ट्रेलर ओढताना वेगाच्या त्या अक्षराची फारशी चिंता नको, भारांकाची करा.

तुमचे कारचे टायर ९१ चे आहेत असं धरू. दोन टायर मिळून १२३० किलो, ट्रेलर १२०० किलोचा. कागदावर जमलं! पण अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे प्रवासी कारचा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याच्या क्षमतेला १.१ ने भागावं लागतं. ६१५ चे झाले ५५९, दोघांचे मिळून १११८. म्हणजे टायर कमी पडले. युरोपात हलक्या ट्रेलरना कारसारखे टायर सर्रास दिसतात, म्हणून तुमच्या देशाचा नियम तुम्हीच बघा. पण नियम काहीही असो, ३० किलोच्या फरकावर मी स्वतः ट्रेलर ओढणार नाही. शिवाय डाव्या-उजव्या चाकांवर भार सारखा कधीच नसतो. जड पेटी एका बाजूला सरकवली की त्या बाजूच्या टायरचं गणित बिघडलंच. एकदा वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर नेऊन, जमलं तर दोन्ही चाकं वेगवेगळी मोजून घ्या. अंदाजाने सांगितलेलं वजन खऱ्या वजनापेक्षा नेहमी कमीच असतं, हा माझा अनुभव.

आता वय. आपण कायद्यातलं एकच कलम ऐकलेलं असतं: नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर. अनेक देशांत हाच आकडा आहे, आणि खोबणीच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे आडवे पट्टे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गेला. कारला हे माप लागू पडतं, कारण कार रोज धावते. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभा असतो. रबरात उन्हापासून, ओझोनपासून जपणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि टायर फिरत राहिला, वाकत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या टायरला ते संरक्षण मिळत नाही. नक्षी शाबूत राहते आणि आतलं रबर, नक्षीखालच्या पोलादी पट्ट्यांमधली पकड म्हातारी होते.

माझा ट्रेलर असाच गेला. मागचा गाडीवाला सारखे दिवे मारत होता, मला वाटलं त्याला पुढे जायचंय, म्हणून मी बाजू दिली! तो शेजारी येऊन हातवारे करायला लागला तेव्हा कळलं. टायरची वरची साल सुटून मडगार्ड फाडून गेली होती, दिव्याची वायरिंगही तुटली होती. कारच्या सीटवर एक धक्का जाणवला नव्हता. ट्रेलरचा हाच त्रास आहे, तो तक्रार करत नाही. टायर नऊ वर्षांचा निघाला, नक्षी उत्तम.

वय बघायला टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. एका बाजूला ते आकडे नसतील तर गाडीखाली वाकून दुसरी बाजू बघा. साध्या ट्रेलरच्या टायरला वयाची सक्ती फारशी कुठे आढळत नाही, मात्र ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून बस आणि लॉरीच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांवरचे टायर बंद केले. ट्रेलरला मी स्वतः सहाव्या वर्षी टायर बदलतो. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, केसासारख्या भेगा दिसल्या तर त्याआधीच.

नवीन घेताना मापाच्या आधी एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, किंवा शेवटी सी, म्हणजे व्यावसायिक वाहनांचा, असं लिहिलेलं बघा. एसटीच्या बाजूच्या भिंती ताठ असतात, त्यामुळे ट्रेलर डुलत नाही. हे टायर कारला मात्र लावायचे नाहीत. एका एक्सलवर रेडियल (आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ) आणि बायस (धागे तिरके) अशी जोडी कधीच करू नका. अनेक ठिकाणी ते बेकायदा आहे आणि नसलं तरी ट्रेलर एका बाजूला ओढतो.

हवा टायर थंड असताना भरा. तेवढ्या भाराला किती हवा हवी ते ट्रेलरच्या पाटीवर असतं. टायर जास्त हवेचा असेल तर रिमची आणि व्हॉल्व्हची क्षमताही विचारा. रबराचा साधा व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचा असतो, त्यापुढे धातूचा किंवा खास जास्त दाबाचा लागतो. दुकानदार तो आपणहून बदलेलच असं नाही.

आणि स्टेपनी विसरू नका. तुमची स्टेपनीही त्याच दिवशी घेतलेली असणार. ती रस्त्याला लागलेली नसली तरी तिचंही वय आठच आहे.