सॉलिड हार्डवूड फ्लोअरिंगवाला सांगतो ते सगळं खरं मानावं का?

परळला अकराव्या मजल्यावर टू बीएचके, खाली बिल्डरने दिलेल्या विट्रिफाइड लाद्या आणि शोरूमवाल्याचे पाच दावे: १०० टक्के सॉलिड हार्डवूड, भट्टीत वाळवलेलं म्हणून फुगणार नाही, वॉटरप्रूफ, लादीवरच दोन दिवसांत बसवून देतो, वर लाइफटाइम वॉरंटी. यातलं किती खरं, असं तुम्ही विचारलंय. मी इंटिरियरची कामं घेतो, फ्लोअरिंग विकत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगतो. यातला जवळपास प्रत्येक दावा कुठल्या ना कुठल्या मालाला लागू पडतो. पण एकाच फळीला पाचही लागू पडणार नाहीत.

वॉटरप्रूफ असतं ते एसपीसी, म्हणजे दगडाची पूड आणि प्लॅस्टिक यांची पट्टी. लादीवर खालची फोमची शीट अंथरून दोन दिवसांत खटाखट बसतं ते लॅमिनेट. त्यात दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचा फोटो छापलेला कागद असतो. इंजिनिअर्ड वूडमध्ये वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली प्लाय. सॉलिड म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच लाकूड, साधारण १८-२० मिमी जाड. दुकानात या चौघांनाही ‘वूडन फ्लोअरिंग’ म्हणतात आणि एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर सहज खपतात.

ओळखायचं कसं? सॅम्पलचा वरचा पॉलिश केलेला भाग बघत बसू नका, कापलेलं टोक बघा. सॉलिड असेल तर वरची रेघ टोकावरून तशीच खाली उतरलेली दिसते. थर दिसले तर इंजिनिअर्ड, एकसारखा तपकिरी भुसा दिसला तर लॅमिनेट. कोटेशनवर एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीच्या बिलावर असतो तो मालाच्या प्रकाराचा नंबर, लिहून मागा. एकमेकींत अडकवायला खाच पाडलेल्या लाकडी पट्ट्या ४४०९ मध्ये येतात, लॅमिनेट ४४११ मध्ये, प्लॅस्टिकचं फ्लोअरिंग ३९१८ मध्ये. तोंडाने ‘सॉलिड’ म्हणणारा माणूस कागदावर काय लिहितो ते बघण्यासारखं असतं.

आता भट्टीचा मुद्दा, कारण खरी फसगत इथेच होते. भट्टीत लाकडातला ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांवर आणतात, हे खरंच. पण लाकूड पुन्हा हवेतला ओलावा घेतं, ते काही सील होत नाही. ६० टक्के आर्द्रतेत ते ११ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं, ८५ टक्क्यांत १७-१८ वर जातं. जुलैत आपल्याकडे हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. ओलावा ५ टक्क्यांनी वाढला तर १२० मिमी रुंद ओकची आडवी चिरलेली (टोकावर लाकडाच्या रेघा आडव्या दिसतात ती) पट्टी दोनेक मिमी फुगते. दहा फुटी खोलीत अशा २५ पट्ट्या धरा. खिळे आणि सांधे बरंच दाबून धरतात, तरी हिशेबाने ५० मिमी जागा हवी, आणि भिंतीलगत सोडलेली फट असते १०-१५ मिमीची. मग फळ्यांच्या कडा वर येतात, नाहीतर मधला भाग उचलला जातो. सागवान ओकच्या जवळपास निम्म्याने फुगतं, म्हणून सॉलिडच हवं असेल तर अरुंद पट्ट्यांचं सागवान, तेही उभं चिरलेलं (टोकावर रेघा उभ्या दिसतात ते), घ्यावं असं माझं मत.

यावर शोरूमवाला हमखास म्हणतो, ‘साहेब, गिरगावातल्या चाळींत बर्मा टीकच्या जमिनी शंभर वर्षं टिकल्या.’ टिकल्या. पण त्या फळ्या तुळयांवर ठोकलेल्या होत्या, दोन फळ्यांत फट होती आणि खालूनही हवा लागायची. तुमच्याकडे वरून पॉलिश, खाली स्लॅब. दोन्ही बाजूंना वेगळा ओलावा मिळाला की फळी वाकते. शिवाय म्यानमारने २०१४ मध्ये सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, त्यामुळे आज कोणी बर्मा टीक म्हणालं तर चिरलेला माल कुठून आला याचे कागद मागा, किंवा तो जुन्या इमारतींतून उतरवलेला आहे का ते विचारा. ‘आफ्रिकन टीक’ म्हणून खपतं ते बहुतेकदा साग नसतंच.

वाळवीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो सांगेलच. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला लागते. सॅम्पलमध्ये पांढरे पट्टे दिसले तर तो माल बाजूला ठेवा.

बसवणीबद्दल. सॉलिड पट्ट्या लादीवर खिळ्यांनी ठोकता येत नाहीत. आधी प्लायचा थर लागतो, आणि १८ मिमी प्लाय अधिक १८ मिमी लाकूड म्हणजे जवळजवळ दीड इंच उंची वाढली. सगळे दरवाजे खालून रंधावे लागतात आणि बाल्कनीच्या स्लायडिंगचा उंबरठा जमिनीखाली जातो. दोन दिवसांत हे होत नाही. लाकूड आधी काही दिवस त्याच खोलीत, तुम्ही एसी जसा वापरता तसा वापरून, खोकी उघडून ठेवायला हवं. मग ओलावा मोजायच्या मीटरने फळी आणि प्लाय दोन्ही तपासायचं. तीन इंचांपर्यंतच्या पट्टीला दोन्हींत ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, रुंद पट्टीला २ टक्के. बसवणाऱ्या माणसाकडे मीटरच नसेल तर पुढचं बोलायची गरज नाही.

वॉरंटीचं पत्रक दुकानातच शेवटपर्यंत वाचा. बारीक अक्षरात खोलीची आर्द्रता ठरावीक मर्यादेत ठेवायची अट असते, बऱ्याचदा ३५ ते ५५ टक्के किंवा त्याच्या आसपास. म्हणजे पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवलीत की वॉरंटी गेली. पुन्हा ती पॉलिशची की लाकडाची, तेही बघा.

‘सॉलिड हवं तितक्या वेळा घासून नवं करता येतं’ हे वाक्यही पुढे येईल. घासता येतं ते खाचेच्या वरच्या थरापर्यंतच, म्हणजे साधारण ६ मिमी. चांगल्या इंजिनिअर्डमध्ये वरचा थर ४ मिमी मिळतो. त्यामुळे फरक तुम्हाला सांगितला जातो तेवढा नसतो.

मी तुमच्या जागी असतो तर दोन बेडरूममध्ये ४ मिमी थराचं सागाचं इंजिनिअर्ड लावलं असतं, हॉल आणि स्वयंपाकघर लादीवरच ठेवलं असतं. तरीही सॉलिडच घ्यायचं असेल तर काम पावसाळ्याआधी करून घ्या आणि बिलाचा शेवटचा हप्ता गणपती झाल्यावर द्यायचा, असं आधीच लिहून घ्या. ही अट ऐकल्यावर ‘फुगणारच नाही’ म्हणणारे बरेच जण फोन उचलायचे बंद होतात.