पाटीवरचा शब्द आधी बदल

गंगापूर रोड, नाशिक

चि.स अनेक आशीर्वाद.

इंदिरानगरच्या गाळ्याचा फोटो मिळाला. टेबल छान, खुर्च्या जरा जास्तच छान. पाटी बघून मात्र मी कपाळाला हात लावला. 'आर्थिक सल्लागार' लिहिलंयस. आज तुझ्याकडे काय आहे? परीक्षा दिलीस, फंड कंपन्यांच्या संघटनेचा, ॲम्फीचा, नोंदणी क्रमांक (एआरएन) मिळाला, म्हणजे तू म्युच्युअल फंड वितरक झालास. सल्लागार म्हणवून घ्यायला सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, वेगळी नोंदणी लागते. नियम 2013 चे आहेत, 2020 मध्ये आणखी आवळले. एकाच कुटुंबाकडून सल्ल्याची फी घ्यायची आणि त्यांच्याच गुंतवणुकीवर कमिशनही खायचं, हे आता चालत नाही. 'वितरक' म्हटलं की सकाळी दुधाच्या पिशव्या टाकणारा डोळ्यांपुढे येतो, मान्य. तरी तोच शब्द लिही. पुढे नोंदणी केलीस तर पाटी पुन्हा रंगव, खर्च मी देईन.

एका शब्दावरून एवढं का बोलतेय, ते सांगते. आपल्या धंद्यात माल दिसत नाही. सराफाकडे बांगडी हातात घेता येते, आपल्याकडे गिऱ्हाइकाला मिळतात ते फक्त शब्द. पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने माझ्याकडून अर्धा तास डेट फंड समजून घेतला. मान डोलावत होत्या. मी खूश. उठताना हळूच म्हणाल्या, "पण बाई, मी आयुष्यात कधी कर्ज काढलं नाही, आता कशाला?" चूक त्यांची नव्हती, 'डेट' म्हणजे कर्जच. तेव्हापासून मी म्हणते, तुमचे पैसे सरकारला किंवा कंपन्यांना उसने द्यायचे, त्यांनी व्याज द्यायचं. कधी घेणारा बुडतो, आणि बाजारात व्याजदर वाढले की आपल्या कागदाची किंमत थोडी उतरते. एवढ्यात सगळं येतं, धोक्यासकट. 'रिटर्न'चंही तसंच. निम्म्या लोकांना तो इन्कम टॅक्सचा वाटतो.

सोपं करायच्या नादात उपमा देत सुटू नकोस, हेही माझ्याकडूनच शीक. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराला मी एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरलेला हप्ता, समजावताना म्हणाले, दादा, आज रोप लावलं की उद्या फळ मागायचं नसतं. तो हसला. "ताई, बाग माझी आहे. मार्चात गारा पडल्या की एका रात्रीत होत्याचं नव्हतं होतं. तुमचंही तसंच असतं का?" मला घाम फुटला. ज्याचा धंदा त्यालाच त्याच्या धंद्याची उपमा द्यायची नाही. त्याऐवजी त्याला विचारायचं की पैसा येतो कधी आणि जातो कधी. त्याने सांगितलं: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग चार महिने नुसती औषधं, मजुरी आणि डोक्याला ताप. पैसा फेब्रुवारी ते एप्रिल, तोही व्यापाऱ्याने वेळेवर दिला तर. अशा माणसाला मी दर महिन्याच्या सात तारखेची एसआयपी गळ्यात मारली होती! नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, तिन्ही हप्ते परत गेले, बँकेचा दंड बसला आणि एसआयपी आपोआप बंद पडली. आता तो एप्रिलात एकरकमी पैसे लिक्विड फंडात टाकतो, जिथून लागतील तेव्हा लगेच काढता येतात. पुढच्या हंगामाच्या खर्चाला हात लावायचा नाही, उरलेल्यातून थोडंथोडं इक्विटीत, म्हणजे शेअर्सच्या फंडात, सरकवायचं.

नाशिकमध्ये हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. सातपूर-अंबडच्या कामगाराचा पैसा महिन्याला येतो, पण ओव्हरटाइम बंद झाला की घराचं गणित बिघडतं. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून किंवा ओझरच्या विमान कारखान्यातून, एचएएलमधून, निवृत्त होणाऱ्याला आयुष्यात एकदाच मोठी रक्कम दिसते, आणि ती येण्याआधीच दारात पाच एजंट उभे असतात. कांदेवाल्याचा पैसा कधी येईल हे लासलगावच्या भावालाही ठाऊक नसतं.

त्या पाच एजंटांमध्ये एक मी होते. 2008 चा जानेवारी, सेन्सेक्स 21,000 वर. नाशिकरोडच्या एका निवृत्त प्रेस कामगाराचे प्रॉव्हिडंट फंडातले सहा लाख मी युनिट लिंक्ड, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या, विमा पॉलिसीत घातले. त्या काळी पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा वाटा शुल्कात जायचा. ते कागदावर छापलेलं होतं, मी वाचून दाखवलं नाही. ऑक्टोबरपर्यंत बाजार 9,000 च्या खाली. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 2004 पासून होती, 9 टक्के व्याज होतं, पण त्यात माझं कमिशन किरकोळ होतं. खरं कारण एवढंच. ते कधी भांडले नाहीत. रविवार कारंज्यावर एकदा समोरून येताना दिसले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. त्या कमिशनातून घेतलेला फ्रिज मी पुढे बहिणीला देऊन टाकला.

त्यानंतर मी वही सुरू केली. तू माझ्याकडे दोन वर्षं होतास, ती लाल वही पाहिली आहेस, पण आत काय लिहिते ते विचारलं नाहीस. भेट संपली की पाच मिनिटांत गिऱ्हाइकाचं एक वाक्य लिहायचं, त्याच्याच शब्दांत. 'जोखीम क्षमता मध्यम' हे लिहायला फॉर्म आहे, वहीत ते नको. अंबडच्या एका फोरमनचं 2017 मधलं वाक्य आहे: "पोरीच्या लग्नाचे वेगळे आहेत, हे म्हातारपणाचे, यांना मेलो तरी हात लावणार नाही." 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून जास्त अंकांनी कोसळला, 13 टक्के. दुपारी त्याचा फोन, सगळं विका. मी बाजार परत वर येईल असं म्हणाले नाही, मला काय ठाऊक? वही काढली आणि त्याचं वाक्य तारखेसकट वाचलं. बराच वेळ काही नाही. मग, "मी असं म्हणालो होतो?" म्हटलं, होय, 'मेलो तरी'सकट. त्याने अर्धे विकलेच. पैसे त्याचे, मी फॉर्म भरून दिला. उरलेले अर्धे आजही आहेत आणि तो मला अजून फोन करतो.

नवराबायको दोघं बसल्याशिवाय पहिली बैठक करू नकोस. इथे तुझी चिकाटी लागेल, कारण वहिनी चहा देऊन दाराशी उभ्या राहतात आणि साहेब म्हणतात, तिला यातलं काही कळत नाही. "वहिनी, चहा नंतर, आधी बसा" असं म्हणून गप्प राहायचं. एप्रिल 2021 मध्ये माझ्या एका गिऱ्हाइकाला कोविडने नेलं. बायको महिन्याभराने आली, मेडिकलच्या पिशवीत सगळे कागद कोंबून. फोलिओवर, म्हणजे फंडाच्या खात्यावर, नॉमिनी होती त्याची आई, जी 2016 मध्येच वारली होती. त्या बाईने आठ महिने दाखले गोळा केले. पुण्याहून सही आणायची, परत यायचं, एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा जायचं. त्यात दिरांचा गैरसमज की नॉमिनी म्हणजे मालक. नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांची. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच स्पष्ट केलं. आता दरवर्षी दिवाळीनंतर मी प्रत्येक घराचा नॉमिनी तपासते. अशाच एका बैठकीत एका वहिनींनी विचारलं, "यांना काही झालं तर मी पहिला फोन कोणाला करू?" तीस वर्षांत एवढा नेमका प्रश्न एकाही पुरुषाने विचारला नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. कोणी विचारेल, डायरेक्ट प्लॅन स्वस्त पडतो ना? आधी 'हो' म्हण. 1 जानेवारी 2013 पासून वितरकाशिवाय थेट फंड कंपनीकडून घ्यायची ती सोय आहे, लपवून उपयोग नाही. मग तुझं कमिशन टक्क्यांत न सांगता रुपयांत सांग. समजा दहा लाखांवर पाऊण टक्का, तर वर्षाचे साडेसात हजार. आणि त्या बदल्यात तू काय करतोस ते. ऐकून तो डायरेक्टकडे गेला तर जाऊ दे, काहींना खरंच जमतं. जो रोज सकाळी शेअरची टिप मागतो त्याला मात्र पहिल्याच महिन्यात नमस्कार कर. मी एकेकाळी चारशे घरं धरून बसले होते, नावं आठवायची नाहीत. आता एकशेचाळीस आहेत. उत्पन्न थोडं घटलं, झोप लागते.

पाटीवाल्याला फोन केलास की कळव. आणि शनिवारी चारनंतर चक्कर टाक. मेन रोडवरून वह्या आणताना दोन जास्तीच्या घेतल्या होत्या, तशाच लाल कापडी पुठ्ठ्याच्या. एक तुझ्यासाठी ठेवली आहे.

तुझी,
मॅडम