‘मुलगाही ह्यांच्यासारखाच होणार का?’

मुलुंडहून एक बाई आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा मनातलं कधी बोलत नाही, सासरेही तसेच होते, आणि आता सातवीतला मुलगाही काही विचारलं की "काही नाही" म्हणून उठून जातो. "मॅडम, रक्तातच असेल तर आपण काय करणार?"

हा प्रश्न घेऊन बऱ्याच जणी येतात.

नवऱ्याला मी वेगळं भेटले. वडील गेले तेव्हा काय वाटलं, असं विचारलं. ॲम्ब्युलन्स किती वाजता आली, दाखला कुठून काढला, सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. मग म्हणाले, "छातीत जड वाटायचं. ईसीजी काढला, नॉर्मल आला." माणूस कोरडा मुळीच नव्हता. अंगाला जाणवत होतं ते दुःख आहे, एवढंच त्यांना उमगत नव्हतं. याला अलेक्सिथायमिया म्हणतात. हा स्वतंत्र आजार मानला जात नाही. दहातल्या साधारण एका माणसात ही अडचण ठळकपणे दिसते.

आता रक्ताचं. डेन्मार्कमधल्या ८,७८५ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांतल्या या फरकात आनुवंशिकतेचा वाटा ३० ते ३३ टक्के निघाला, एका घरात वाढण्याचा १२ ते २०. उरलेला साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त वाटा ज्याच्या त्याच्या अनुभवांचा. हे आकडे समूहाचे आहेत. ‘मुलात बाबांचे तेहतीस टक्के उतरले’ असा हिशेब त्यातून निघत नाही. जनुकांच्या चाचणीवर पैसे घालवू नका, असं मी बाईंना स्पष्ट सांगितलं. शिवाय सातवीतलं "काही नाही" बऱ्याचदा फक्त वयाचं असतं.

मुलाची उलटतपासणी थांबवा, स्वतःचं सांगत जा, असं सुचवलं. "बँकेच्या रांगेत आज फार वैताग आला", इतकं साधं. नवऱ्याला मी ‘काय वाटलं’ऐवजी ‘अंगात कुठे काय झालं’ विचारू लागले. एकदा ते म्हणाले, "साहेब बोलले तेव्हा जबडा आवळला होता." बराच वेळ गप्प राहून पुढे म्हणाले, "राग असावा. आणि थोडी लाजही." दोन वेगळ्या भावना त्यांनी आपणहून ओळखल्या होत्या, मला फार बरं वाटलं.

ते अजून येतात. मुलाला मी बोलावलेलं नाही. तो जेवतो, झोपतो, मित्रांत रमतो. गरज दिसली नाही.